नाल्यावरची बाई कोण होती?

बालमित्रांनो, खरं सांगा, भुताच्या गोष्टी तुम्हांला आवडतात की नाही? मला तर फार आवडतात. मी प्राथमिक शाळेत शिकवते, मुलांना "भूतबित काही नसतं" असं रोज सांगते, तरीही आवडतात! पांघरूण नाकापर्यंत ओढून घ्यायचं, पाय आत दुमडून घ्यायचे आणि "पुढं काय झालं?" असं विचारत राहायचं, ही मजा काही वेगळीच.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची शाळा वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या एका लहानशा गावात आहे. भोवती कपाशी, तूर आणि सोयाबीनची वावरं. त्या दिवशी दुपारी आभाळ असं काही भरून आलं, की फळ्यावरची अक्षरं दिसेनात. त्यातच लाइन गेली. (आमच्याकडे "वीज गेली" असं कोणी म्हणत नाही, लाइनच जाते.) तास गणिताचा होता. चौथी-पाचवीची पोरं एकत्र बसली होती. मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, भुताची गोष्ट सांगा ना!" मी म्हटलं, "मी नाही, आज तुम्हीच सांगा."

मग काय विचारता! एकाने शाळेमागच्या पिंपळावरचा मुंजा सांगितला. दुसऱ्याचे आजोबा म्हणे चकव्यात सापडून रात्रभर धुऱ्या-धुऱ्यानं फिरले आणि उजाडल्यावर पाहतात तर आपल्याच वावरात उभे! एकीने हाकामारी सांगितली. ती रात्री दारात येऊन ओळखीच्या आवाजात हाक मारते, पहिल्या हाकेला 'ओ' दिली की संपलंच. सगळ्यांत शेवटी एक मुलगी उभी राहिली. एरवी ती तोंडातून शब्द काढत नाही. ती म्हणाली, "आमच्या घराकडच्या नाल्यावर एक बाई रायते. हिरवं लुगडं, मोकळे केस, कडेवर लेकरू. अमावास्येले जो कोनी दिसन त्याले म्हन्ते, मले पल्याड नेऊन दे ना भाऊ."

वर्ग एकदम चिडीचूप झाला. बाहेर पाऊस कोसळत होता. आणि मग पाचवीतल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, भूत नेहमी बाईचंच काहून रायते?"

मला उत्तर देता आलं नाही. मी फळ्याकडे वळले आणि सांगून झालेल्या गोष्टींची यादी लिहायला घेतली. चौदा गोष्टी झाल्या होत्या. त्यांतली नऊ भुतं बायकांची निघाली. मग आम्ही प्रत्येकीपुढे लिहिलं, की ही बाई जिवंतपणी कोण होती. एक बाळंतपणात गेलेली, एक नवऱ्याने टाकलेली, एक विहिरीत सापडलेली, एक मूलबाळ नसलेली. सुखानं नांदून, नातवंडं खेळवून म्हातारपणी गेलेल्या एकाही आजीचं भूत झालं नव्हतं! पोरांनीच ते हेरलं, मी नाही. आता तुम्हीही तुमच्या गावातल्या गोष्टी आठवून पाहा बरं.

भुतांची अशी यादी करणारे आम्ही काही पहिलेच नव्हे. इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही नाशिकच्या जॅक्सनचं नाव वाचलं असेल. १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या, तोच हा इंग्रज कलेक्टर. याला लोकांच्या समजुती गोळा करण्याचा नाद होता. आपला वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता, पण शेजारच्या मुंबई इलाख्यात गावोगावी प्रश्न पाठवून त्याने उत्तरं मागवली होती. आणि ती उत्तरं लिहून पाठवली कोणी? शाळामास्तरांनी! जॅक्सनच्या मृत्यूनंतर एंथोवेन नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने ती टिपणं छापली. कोकणचा भाग १९१५ साली निघाला. शंभर वर्षांपूर्वीचे ते मास्तर भुतांच्या जाती लिहून काढत बसले आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की मला हसू येतं, आणि थोडं आपलंही वाटतं.

'जाती' हा शब्द मी उगाच वापरला नाही बरं का. आपल्याकडच्या भुतांना खरोखरच जाती आहेत. मुंज झालेला पण लग्न न झालेला मुलगा गेला, तर त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. धनाचा लोभ धरून ब्राह्मण मेला, तर त्याचा ब्रह्मसमंध होतो. शूद्र मानलेल्या माणसाचा कोकणात देवचार होतो, असं सांगत. परधर्मातल्या, परमुलखातल्या माणसाचं भूत म्हणजे खवीस, आणि तो फार दांडगा, कोणाला न जुमानणारा. म्हणजे पाहा, माणूस मेला, देहाची राख झाली, तरी जात काही त्याला सोडत नाही. वर गेल्यावरही ज्याचं झाड वेगळं, त्याचं पाणी वेगळं!

हे भुतांनी तर ठरवलं नसेल. ज्या गावात विहिरी वाटलेल्या होत्या, तिथं भुतंही वाटली गेली. याच वर्धा शहरात जमनालाल बजाज यांनी लक्ष्मीनारायणाचं मंदिर दलितांना खुलं केलं, ते १९२८ साली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या माणसं पायरीच्या बाहेर उभी होती. अशा जगातल्या लोकांनी रात्री शेकोटीभोवती ज्या गोष्टी रचल्या, त्यांत तीच पायरी आली. गोष्ट सांगणाऱ्याला ते कळतही नव्हतं. पाण्यातल्या माशाला पाणी दिसत नाही, तसं.

चकव्याचं मात्र वेगळं आहे. त्याला जातपात नाही, तो सगळ्यांनाच फिरवतो. २००९ साली जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. तो ढगाआड गेला की तीच माणसं गोल गोल फिरून पुन्हा आपल्याच वाटेवर येऊ लागली, आणि त्यांना वाटत होतं आपण नाकासमोर चाललो आहोत! आमच्या वर्गातले आजोबा रात्रभर का फिरले, ते कळलं ना?

आता त्या नऊ बायकांकडे येऊ.

बाळंतपणात गेलेल्या बाईच्या भुताला कोणी हडळ म्हणतात, कोणी अळवंतीण, आमच्याकडे चुडेलही म्हणतात. तिला लोक इतके भीत, की तिची तिरडी उठली की मागे वाटेवर राळ्याचे दाणे टाकत जात. समजूत अशी, की ती परत यायला निघाली तर तिला एकेक दाणा वेचावा लागेल, आणि वेचता वेचता उजाडेल. काही ठिकाणी उंबऱ्यात खिळेही ठोकत. मुलांनो, क्षणभर विचार करा. काल सकाळपर्यंत ती याच घरात भाकरी थापत होती. तिची पोर याच उंबऱ्यात खेळत होती. आणि आज तिने परत येऊ नये म्हणून त्याच उंबऱ्यात खिळा!

लोक इतके का भ्याले असतील? मला वाटतं, त्यांना आतून कुठंतरी ठाऊक होतं, की हिच्याकडे वेळेवर लक्ष दिलं गेलं नाही. ज्याला आपण नीट वागवलं नाही, तो परत येईल याचंच भय माणसाला वाटतं. हे माझं मत आहे, तुम्हांला पटलं तर घ्या.

त्या नाल्यावरच्या बाईचं माझ्या डोक्यातून जाईना. मी पोरांना अभ्यास दिला (गृहपाठ म्हटलं की चेहरे उतरतात, म्हणून 'शोधकाम' म्हटलं): घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून या, ती बाई कोण होती. चार दिवस कोणालाच काही कळेना. "ते जुनं हाये", "उगाच कायले इचारता", अशी उत्तरं यायची. पाचव्या दिवशी त्या न बोलणाऱ्या मुलीने आपल्या आजीलाच शाळेत आणलं. आजी पंच्याहत्तरीच्या पुढच्या. व्हरांड्यात बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "अवं, ते माह्यी मैत्रीण होती. आमी संगंच कापूस येचाले जावो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पन्नास वर्षांहून जास्त झाली. आषाढ होता. मैत्रिणीचे दिवस भरले होते. दुपारी पोट दुखू लागलं, संध्याकाळपर्यंत सुईणीने हात टेकले. वर्धेला न्यायचं ठरलं. बंडी जुंपली, गाडीत गवत अंथरलं, वर घोंगडी टाकली. नाल्यापाशी आले तर नाला दुथडी भरून! पूल नव्हता. बैल पाण्यात पाय घालेनात. पूर उतरेल म्हणून सगळे काठावर थांबले. रात्रभर थांबले. ती गाडीत पडून सारखी म्हणत होती, मला पल्याड न्या. पहाटे पूर उतरला, तेव्हा न्यायला कोणी उरलं नव्हतं, ना ती, ना बाळ.

वर्गात कोणी हललं नाही. आजीच पुढं म्हणाल्या, "तिले अंधाराचं लय भेव. रातच्यानं पानी आनाले जावं लागलं तं मले हाक मारे. आन् हे पोट्टे म्हन्तात, ते अंधारात उभी रायते!"

त्यांनी तिचं नावही सांगितलं. ते मी इथं लिहीत नाही, कारण तिच्या घरची माणसं अजून गावात आहेत. पण वर्गातल्या सगळ्या मुलांना आता ते ठाऊक आहे.

पल्याड नेऊन दे ना भाऊ. ही ओळ पन्नास वर्षं गावात भुताची म्हणून फिरत होती. ती एका आजारी बाईची होती. नाल्यावर पूल नाही, गावात दवाखाना नाही, ही तक्रार कोणत्याही अर्जात लिहिली गेली नसेल, पण भुताच्या गोष्टीत ती तेवढी टिकून राहिली.

आज त्या नाल्यावर सिमेंटचा पूल आहे. सेवाग्रामला डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केलेलं मेडिकल कॉलेज आहे, कस्तुरबा रुग्णालय आहे, फोन केला की गाडी येते. तरी २०१८ ते २०२० या काळात आपल्या देशात एक लाख बाळं जन्मताना ९७ आया दगावत होत्या. पूर्वीपेक्षा हा आकडा पुष्कळ खाली आला आहे. पण ९७ म्हणजे आमच्या अख्ख्या शाळेतल्या मुलांपेक्षा जास्त!

आता तुम्हांला दूरच्या देशातली एक गोष्ट सांगते. १७९७ साली लंडनमध्ये एक मुलगी जन्मली आणि अकरा-बारा दिवसांत तिची आई बाळंतरोगाने गेली. आई साधीसुधी नव्हती, स्त्रियांना शिक्षण आणि हक्क मिळावेत म्हणून पुस्तक लिहिणारी मेरी वोलस्टोनक्राफ्ट ती. मुलीचं नावही मेरीच. ही मेरी अठरा वर्षांची असताना, १८१६ च्या उन्हाळ्यात, स्वित्झर्लंडमधल्या एका तळ्याकाठी मित्रांबरोबर राहिली होती. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता, त्याच्या धुळीने युरोपातला उन्हाळाच नाहीसा झाला. सारखा पाऊस. घरात कोंडलेल्या मंडळींनी पैज लावली, प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहायची. (पाऊस, अंधार आणि भुताची गोष्ट, अगदी आमच्या वर्गासारखंच!) त्यातून 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी जन्मली. ती १८१८ मध्ये छापली गेली, तेव्हा तिच्यावर लेखिकेचं नावही नव्हतं.

त्यातला शास्त्रज्ञ मेलेल्या माणसांच्या अवयवांतून एक जीव घडवतो आणि त्याचं कुरूप तोंड पाहून पळून जातो. तो जीव मुळात दुष्ट नसतो. तो लपून लपून बोलायला शिकतो, वाचायला शिकतो, गरीब कुटुंबासाठी रात्री लाकडं तोडून ठेवतो. पण जो त्याला पाहतो तो किंचाळतो, दगड मारतो. मगच तो राक्षस होतो. आणि गंमत माहीत आहे? फ्रँकेन्स्टाइन हे त्या राक्षसाचं नाव नव्हेच, ते शास्त्रज्ञाचं आडनाव! त्या बिचाऱ्याला कोणी नावच ठेवलं नाही. आमच्या नाल्यावरच्या बाईसारखं.

जपानमध्ये ओकिकू नावाच्या मोलकरणीची जुनी गोष्ट आहे. मालकाच्या दहा मौल्यवान थाळ्यांपैकी एक हरवल्याचा आळ तिच्यावर येतो, ती जिवाला मुकते आणि विहिरीतून रोज रात्री एक ते नऊ मोजण्याचा आवाज येतो. जपानी लोकांनी निदान तिचं नाव तरी जपलं.

आपल्या मराठीतही भयकथा पुष्कळ. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी कित्येक पिढ्यांची झोप उडवली. तुमच्या आईबाबांना विचारा, ते लगेच एखादी गोष्ट सांगू लागतील. पण मला सर्वांत भीती वाटली ती अण्णा भाऊ साठे यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेची, आणि तिच्यात भूत नावालाही नाही! भीमा नावाचा धट्टाकट्टा गडी गाव सोडून मुंबईला येतो, खाणीत दगड फोडतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लहान पोर. एकदा त्याला स्मशानाच्या राखेत सोन्याचा तुकडा सापडतो, आणि तो रोज रात्री स्मशानात जाऊ लागतो. शेवटी काय होतं ते तुम्ही मोठे झाल्यावर स्वतः वाचा, रात्री मात्र वाचू नका. वाचून झाल्यावर मला स्मशानाचं भय वाटलं नाही, कोल्ह्यांचंही नाही. वाटलं ते त्या बंद पडलेल्या खाणीचं. अण्णा भाऊ स्वतः मुंबईत मजुरी करून जगले होते. उपाशी माणूस भुताला भीत नाही, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नसेल.

आता पालकांसाठी थोडं लिहिते. मुलांनो, तुम्हीही वाचा, हरकत नाही.

मी सहावीत असताना आमच्या शेजारी एक काकू राहत. दिवसभर मान खाली. कोणी काही बोललं तरी 'हो' आणि 'जी', याखेरीज शब्द नाही. पण अमावास्या आली की त्यांच्या अंगात येई. केस सुटत, डोळे मोठे होत, आणि त्याच काकू सासऱ्यांना 'अरे-तुरे' करून बोलत! "हिले चार दिस माहेरी धाड. हिले पोटभर खाऊ दे." सासरे हात जोडून 'हो माय, हो माय' म्हणत. आम्ही पोरं खिडकीत लोंबकळून पाहत असू. आम्हांला वाटे, भूत बोलतंय. आज वाटतं, महिन्यातून तेवढी एकच रात्र काकू बोलत होत्या. स्वतःच्या तोंडाने बोलायची सोय नव्हती, म्हणून दुसऱ्या कोणाच्या तरी नावाने.

घरच्यांनी एक दिवस मांत्रिक आणला. त्याने दार लावून मिरच्यांची धुरी दिली आणि छडीने मारलं. तो खोकल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर काकूंच्या अंगात येणं थांबलं. सगळे म्हणाले, भूत उतरलं.

आज कोणी असं केलं तर तो गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा संमत झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, कोणाला चेटकीण ठरवून छळणं, यासाठी सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा आला म्हणून सगळं संपलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात, जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना चौकात बांधून मारलं गेलं. त्यांत म्हातारी माणसं होती, आणि ती दलित होती. संशयाचं बोट कोणाकडे वळतं, हे इथंही पाहा. गावच्या पाटलावर किंवा सावकारावर भानामतीचा आळ आल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तो एकट्या विधवेवर येतो, गरिबावर येतो, ज्याच्या बाजूने कोणी उभं राहणार नाही त्याच्यावर येतो.

म्हणून भुताच्या गोष्टी सांगूच नयेत का? छे छे! मी तर अजूनही सांगते. फक्त आमच्या वर्गात आता एक नियम झालाय. गोष्ट संपली की कोणीतरी विचारतंच, "आन् मरायच्या आंधी ते कोन होतं?" परवा एका मुलीने दुसरा प्रश्न विचारला. "मॅडम, 'केस मोकळे सोडू नको, तिन्हीसांजेला झाडाखाली जाऊ नको, भूत लागते' हे मलेच काहून सांगतात? दादाले काहून नाही?" मी तिला म्हटलं, घरी जाऊन आईला विचार. दुसऱ्या दिवशी आई शाळेत आल्या. मला वाटलं भांडायला आल्या. पण त्या म्हणाल्या, "मॅडम, मीबी रातभर तेच इचार करून रायली."

आजी त्या दिवशी परत निघाल्या, तेव्हा सातआठ पोरं त्यांच्याबरोबर नाल्यापर्यंत गेली. मीही गेले. पाऊस थांबला होता, पुलाखालून गढूळ पाणी वाहत होतं. आजींनी बंडी कुठं उभी होती ती जागा दाखवली. मग पुलाच्या कठड्याला धरून त्यांनी मैत्रिणीच्या नावाने एक हाक मारली, अगदी वावरातून मारतात तशी, लांबवून. कोणी हसलं नाही.

मुंज्याची गोष्ट सांगणारा मुलगा हळूच म्हणाला, "आजी, मंग आता रातच्यानं इकडून जाता येते का?"

"जाय ना बाबू," आजी म्हणाल्या, "पन चप्पल घालून जाय. तिथं इच्चू लय हायेत."